नाव नसलेले आकडे

टेबलावर एक छोटा रंगीत डिस्प्ले आहे. त्याच्यासोबत विक्रेत्याने दिलेला डेमो बोर्डही आहे. त्या दोघांमधल्या पाच तारांना मी एकेक करून चिमटे लावतोय: क्लॉक, डेटा, चिप सिलेक्ट, रीसेट, आणि पाचवी सगळ्यात महत्त्वाची. ती शून्यावर असेल तर जाणारा आकडा हुकूम असतो, एकवर असेल तर त्या हुकमाचा तपशील. चिमट्यांच्या वायरी लॉजिक अॅनालायझरला जोडल्या आहेत. तो सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा या तारा तपासतो, आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर त्यातून आकडे सोळाच्या पायावर (हेक्स) वाचून दाखवतं.

हा डिस्प्ले आमच्या जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रासाठी आहे. त्याची सगळी ड्रॉइंग्ज खुली ठेवायची, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. डिस्प्ले चालवणारी चिप काचेच्या कडेलाच चिकटवलेली आहे, काडीएवढी, आणि तिच्यावर एक अक्षरही छापलेलं नाही. कंपनीला डेटाशीट मागितली तेव्हा पहिला प्रश्न आला, वर्षाला किती लाख नग घेणार? आम्हाला ४० हवे होते. पुढे गोपनीयतेचा करार आला. त्यात एक कलम होतं: या कागदांतून कळलेलं काहीही बाहेर सांगायचं नाही. सही केली असती, तर डेटाशीट हातात असूनही आमचं ड्रॉइंग आम्हालाच प्रसिद्ध करता आलं नसतं. म्हणून सही केली नाही, आणि चिमटे घेऊन बसलो.

डेमो बोर्ड सुरू केला. रीसेटनंतर पहिला हुकूम ११, म्हणजे झोपेतून उठ. मग १२० मिलिसेकंद शांतता. ३ए आणि त्यामागे ५५, म्हणजे एका ठिपक्याला १६ बिट रंग. ३६ म्हणजे चित्राची दिशा. शेवटी २९, पडदा चालू. हे ओळखीचे आहेत, कारण असे हुकूम मिपी नावाच्या उद्योगसंघाने प्रमाणित केलेत आणि अनेक चिपा ते पाळतात. पण त्यांच्या मधोमध बी०च्या पुढचे हुकूम आले. तो पट्टा ज्या त्या उत्पादकासाठी राखीव असतो. त्यामागून येणाऱ्या बाइट्सना कुठलंच नाव नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. एका वेळी एकच बाइट बदलायचा, पडदा पेटवायचा, बघायचं, लिहून ठेवायचं. सी५ मागचा आकडा वाढवला की करडा रंग लुकलुकतो. ई० मागचे आकडे हलवले की सावल्या हिरवट होतात. क्लेअर वुल्फ आणि मथायस लासर यांनी २०१५ मध्ये लॅटिस कंपनीच्या आइस४० या प्रोग्रॅमेबल चिपांची अघोषित रचना उलगडणारं प्रोजेक्ट आइसस्टॉर्म प्रसिद्ध केलं, त्याची रीतही मुळात हीच होती: कंपनीच्याच सॉफ्टवेअरला थोडं वेगळं सर्किट द्यायचं आणि फाइलमधला कुठला बिट उलटला ते शोधायचं. त्यांच्यापुढे अख्खी चिप होती. माझ्यापुढे साठेक बाइट आहेत, तरी तिसरा दिवस उजाडला.

एक हुकूम मात्र काहीच करताना दिसत नव्हता. काढून टाकला, दुपारभर चित्र स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी, गारठ्यात, पहिल्यांदा पेटवलं तर पडद्यावर फिकट आडव्या रेषा. हुकूम परत घातला, रेषा गेल्या. तो नेमकं काय करतो हे मला आजही सांगता येत नाही.

हे मला फार लागतं. सर्न या संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याच्या २०२० च्या आवृत्तीत 'उपलब्ध घटक' कशाला म्हणायचं हे सांगितलंय. नुसता विकत मिळून भागत नाही. त्याचे गुणधर्म आणि तो जोडायचा कसा, याची पुरेशी माहितीही सगळ्यांना मिळायला हवी. या कसोटीवर आमचा डिस्प्ले मला तरी उतरलेला वाटत नाही, मग बोर्डाची प्रत्येक रेघ खुली का असेना. नोव्हेना हा खुला लॅपटॉप बनवताना बनी ह्वांग आणि शॉन क्रॉस यांनी आय.एमएक्स६ चिप निवडली, त्यामागे तिची माहिती करार न करता मिळते हे मोठं कारण होतं. आम्ही डिस्प्ले निवडताना किंमत आणि आकार बघितला. कागद शेवटी मागितले. क्रम उलटा हवा होता.

सापडलेल्या हुकमांचा तक्ता ड्रॉइंगसोबत ठेवलाय. त्या एका हुकमापुढे लिहिलंय: 'अर्थ माहीत नाही. काढल्यास थंडीत रेषा येतात.' पुढच्या आवृत्तीसाठी महाग पण उघड डेटाशीटचा डिस्प्ले मागवला आहे. त्याच्या पिना वेगळ्या आहेत, म्हणून आज कनेक्टरची बाजू पुन्हा आखायला घेतली.