भेटकार्डांसाठी ठसे : रबरी आणि पारदर्शक

प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात निदान दोन रबरी शिक्के असतातच. एक शाळेच्या नावाचा गोल शिक्का आणि दुसरा मुख्याध्यापकांच्या सहीखाली उठवावयाचा. दाखल्यावर शिक्का उमटला म्हणजे कागदाला अधिकार प्राप्त होतो, हे पहिलीतले मूलही जाणते. परंतु तो शिक्का उलटा करून त्यावरील अक्षरे पाहण्याची संधी मुलांना क्वचितच मिळते. ती मिळावी, आणि दिवाळी व संक्रांतीच्या सुमारास वर्गात जी भेटकार्डे तयार होतात त्यांत ठशांचा उपयोग विचारपूर्वक व्हावा, या दृष्टीने शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षकबंधुभगिनींसाठी पुढील माहिती दिली आहे.

ठसा ही वस्तू महाराष्ट्राला नवीन नाही. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे, आणि मजकूर संपल्यावर त्यात पुढे कोणी भर घालू नये म्हणून शेवटी लहानसे मोर्तब उठवीत. ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा शब्द त्या दोहोंच्या जोडीतून आला. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्तिसदनात छापखाना होता. तेथे मुली आणि स्त्रिया खिळे जुळवीत, छपाई करीत. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तोपर्यंत त्यांच्या मराठी भाषांतराचे छपाईचे काम याच ठिकाणी चालले होते. खिळा म्हणजे तरी काय? एका अक्षराचा उलटा ठसाच.

आता साधनांकडे वळावे. रबरी ठसा सर्वांच्या परिचयाचा. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होते. गंधकाबरोबर तापविल्यास ते टिकाऊ व लवचीक बनते, ही प्रक्रिया अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी शोधली व १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यानंतरच रबराचे शिक्के शक्य झाले. जुन्या पद्धतीत अक्षरांचा धातूचा साचा तयार करीत, त्यावरून उष्णता सहन करणाऱ्या पुठ्ठ्यात खोलगट प्रतिसाचा काढीत आणि त्यात रबराचा पत्रा दाबून तापवीत. निघालेला रबराचा तुकडा मऊ गादीसह लाकडी मुठीवर चिकटविला की शिक्का तयार.

पारदर्शक ठसा मात्र निराळ्या जातीचा आहे. बाजारात त्याला ‘अक्रिलिक स्टॅम्प’ म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. अक्रिलिकचा असतो तो हातात धरावयाचा काचेसारखा स्वच्छ ठोकळा. त्यावर बसणारा मऊ, पारदर्शक तुकडा बहुधा फोटोपॉलिमर या पदार्थाचा असतो. हा पदार्थ मुळात मधासारखा दाट द्रव. चित्राच्या निगेटिव्हमधून त्यावर अतिनील प्रकाश टाकला की जेथे प्रकाश पोचतो तेथे तो घट्ट होतो. उरलेला द्रव साबणाच्या पाण्याने धुऊन काढतात. या ठशाला डिंक लागत नाही. तो आपल्या अंगच्या चिकटपणाने ठोकळ्याला धरून राहतो आणि काम झाले की सोलून काढता येतो. स्वस्त संचांत कधी कधी सिलिकोनचे ठसे येतात. त्यांवर शाई पसरत नाही, दवासारखे तिचे थेंब जमतात. असा संच घेऊ नये.

येथे एक गोष्ट शिक्षकांना नवलाची वाटेल. तालुक्याच्या गावी ‘रबरी शिक्के तयार करून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या पुष्कळ दुकानांतून आज जो शिक्का मिळतो, तो रबराचा नसतोच. दुकानदार संगणकावर मजकूर जुळवितो, निगेटिव्ह काढतो, द्रव ओततो आणि प्रकाशाच्या पेटीत ठेवतो. नाव रबराचे, वस्तू पॉलिमरची! याचा एक चांगला फायदा आहे. वर्गातील एखाद्या मुलाने पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेले बैलाचे, विहिरीचे किंवा ज्वारीच्या कणसाचे चित्र दुकानात नेले, तर त्याचाच ठसा करून मिळू शकतो. दुकानदाराला तो मुठीवर चिकटवू नये असे सांगितले की झाले. विकतच्या संचातील परदेशी फुलपाखरे आणि केक यांपेक्षा ते चित्र शाळेला अधिक शोभेल, यात शंका नाही.

दोहोंपैकी कोणता ठसा चांगला, असा प्रश्न सरळ विचारून चालणार नाही. शाळेत तो कोणत्या हातात जाणार आणि कोणत्या कपाटात राहणार, हे आधी पाहिले पाहिजे. शिरूरचा पूर्वभाग आणि दौंडचा बराच भाग अवर्षणाचा. उन्हाळा कडक, वारा सुटला की धूळ फार. पारदर्शक ठशाच्या पाठीवर धूळ बसली की तो ठोकळ्याला धरीत नाही. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळविला की त्याचा चिकटपणा परत येतो. परंतु टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वस्तीत दर तासाला ठसे धूत बसणे कोणालाही रुचणार नाही. पत्र्याच्या छपराखाली चैत्र-वैशाखात तापणाऱ्या कपाटात हे ठसे मऊ पडतात, उन्हाने पिवळे होतात व कालांतराने चिरतात. रबरी ठसा ही आबाळ पुष्कळ अधिक सोसतो. ऊन त्यालाही मानवत नाही, तरी डब्यात बंद ठेवल्यास तो वर्षानुवर्षे काम देतो.

रबराचाही एक शत्रू आहे, आणि तो पूर्वी नेमका खेड्यातील घरोघरी सापडत असे: रॉकेल. वाळलेली शाई निघत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल लावून शिक्का पुसण्याची सवय कित्येकांना असते. त्याने रबर फुगते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मग ‘शिक्का खराब निघाला’ म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. ओलसर फडके आणि जुना दातांचा ब्रश एवढ्यावर काम भागते.

शाईच्या बाबतीत रबर अधिक सोशिक आहे. नवा पारदर्शक ठसा प्रथम शाई धरीत नाही. खोडरबराने त्याचा पृष्ठभाग हलकेच घासला की धरू लागतो. तो मऊ असल्यामुळे मूल जोर लावते तेव्हा रेषा पसरतात व बारीक डोळे-नाक बुजून जातात. यासाठी कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या ठेवाव्यात आणि तळहाताने सरळ, हलका दाब द्यावा. ठसा शाईच्या गादीवर दाबण्याऐवजी गादीच ठशावर थोपटली तर शाई सारखी लागते. कोणताही ठसा कागदावर डोलवू नये. डोलविला की कडेची रेघ दुहेरी उमटते.

पारदर्शक ठशाचा मोठा गुण म्हणजे तो कोठे उमटणार हे आधी दिसते. कार्डावर अगोदर काढलेल्या चौकटीत ‘शुभ दीपावली’ नेमके मध्यभागी बसवावयाचे असेल, तर हा गुण फार उपयोगी. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता हाच गुण एक गोष्ट झाकून ठेवतो. ठोकळ्याच्या वरून पाहिले असता अक्षरे सुलटी दिसतात, कारण पाहणारा ती पाठीमागून पाहत असतो. त्यामुळे ठसा उलटा असावा लागतो हे कोडे मुलापुढे येतच नाही. रबरी शिक्क्यात ते पहिल्या क्षणी समोर उभे राहते. म्हणून वर्गात प्रथम रबरी शिक्का फिरवावा, ‘ही कोणती भाषा?’ असे मुलांना विचारू द्यावे, कागदावर तो उमटवावा आणि मग पारदर्शक ठसा दोन्ही बाजूंनी दाखवावा. वरून सुलटा, खालून उलटा! आरशाचा पाठ यापेक्षा थोडक्यात शिकविता येणार नाही.

देवनागरी लिपीत हा पाठ विशेष रंगतो. ‘शिरूर’ हे नाव ठशावर कोरावयाचे म्हणजे उजवीकडून डावीकडे जावे लागते. ‘शि’ची पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, उलटताना तिची उभी रेघ उजवीकडे जाते आणि ती थेट दुसऱ्या वेलांटीसारखी दिसू लागते. ज्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा वर्षभर सुटत नाही, ते मूल येथे आपण होऊन वेलांटीकडे निरखून पाहते. ‘दौंड’मध्ये काना डावीकडे जातो, दोन मात्रा विरुद्ध दिशेला झुकतात. मुलांना उलटे अक्षर न बदलणारे एखादे अक्षर शोधावयास सांगावे. बहुतेक मुले थोड्या वेळाने ‘ठ’पाशी येतात. तेथे थोडी चर्चा होते, ती होऊ द्यावी.

अक्षर उलटे उतरविण्याची युक्ती सोपी आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गडद लिहावे, तो कागद कोरावयाच्या पृष्ठभागावर पालथा ठेवावा व चमच्याच्या पाठीने घासावा. शिसे उलट उमटते. त्या रेषा राखून भोवतालचा भाग काढला की ठसा तयार होतो.

कोरण्यासाठी काय घ्यावे? पहिली-दुसरीसाठी हत्यार नकोच. कापलेली भेंडी रंगात बुडवून दाबली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. या भागात मुबलक असलेला कांदा आडवा चिरून दाबला की वलये उमटतात. बटाट्याचा छेद फडक्याने चांगला टिपून घ्यावा, नाही तर त्याचे पाणी रंगात मिसळून ठसा फिका येतो. हे ठसे एका दिवसाचे. टिकाऊ हवा असेल तर जुन्या हवाई चपलेचा तळ सर्वांत उत्तम. त्याची खडबडीत बाजू काच कागदाने घासून सपाट करावी, मुलांनी चित्र उतरवावे आणि पाते शिक्षकांनी स्वतः चालवावे. सायकलच्या ट्यूबचे कात्रीने कापलेले आकार पंक्चर काढण्याच्या सोल्युशनने लाकडी ठोकळ्यावर चिकटविले तर अस्सल रबरी ठसा होतो. त्याला खर्च जवळजवळ नाही. विकतचा पारदर्शक संच शाळेत एकच असावा आणि तो तिसरी-चौथीच्या पुढील मुलांच्या हाती द्यावा. संचासाठी तुटपुंज्या अनुदानातील पैसे मोडावेत असे मात्र नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले या दोन्ही तालुक्यांतील शाळांत येऊन बसतात व हंगाम संपताच जातात. त्यांपैकी काहींची लिखाणाची गाडी मागे पडलेली असते. वर्गातील इतर मुले चार ओळींचे पत्र लिहीत असताना अशा मुलाला पाटी घेऊन गप्प बसावे लागते. ठशांचे काम चालू असले की ते मूल मागे राहत नाही. उसाचे पेर आडवे कापून त्याचा ठसा घेण्याची कल्पना त्याला इतरांपेक्षा आधी सुचण्याचा संभव अधिक. संक्रांत नेमकी हंगामाच्या मध्यावर येते. गावी राहिलेल्या आजी-आजोबांना त्याचे कार्ड जावे, आणि त्यावर त्याचे नाव त्याच्याच कोरलेल्या अक्षरांत असावे. नाव कोरताना प्रत्येक अक्षर त्याला अनेकदा पाहावे लागते, हा लाभ निराळाच.

यासाठी साधे पोस्टकार्ड पुरते. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. त्याचा आकार १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद. ठसा मागील कोऱ्या बाजूवर उठवावा, पत्त्याच्या जागेत नव्हे. शिक्क्याच्या शाईत ती लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीन घातलेले असते. म्हणून गुळगुळीत कागदावर ती तासन्‌तास ओली राहते व हाताला लागते. पोस्टकार्डाचा खरखरीत कागद ती शोषून घेतो. तरीही कार्डे एकमेकांवर न रचता दोरीवर चिमट्याने लावून दुपारभर वाळू द्यावीत. मग पत्ता मुलाकडून लिहवून घ्यावा आणि पिनकोड शिक्षकांनी तपासावा. पाठविणाऱ्याच्या जागी शाळेचा पत्ता घालताना शिरूरसाठी ४१२२१० व दौंडसाठी ४१३८०१ हे क्रमांक आहेत. आडगावच्या शाळांनी आपल्या टपाल कार्यालयाचा क्रमांक विचारून घ्यावा, म्हणजे आजीचे उत्तर आले तर ते वर्गापर्यंत पोचेल.