उताराचा हिशेब

वारणाकाठच्या शेतकऱ्याला पाणी म्हटले की आधी मोटार आठवते. नदीवर जॅकवेल, तिथून चढती पाइपलाइन, मग दांडाने उसाला. वारणानगर परिसरातली बरीचशी हिरवाई या उपशावर उभी आहे. कोल्हापूरकरांनी 2023च्या दिवाळीत काळम्मावाडीच्या पाण्याने आंघोळ केली, ती सुमारे 53 किलोमीटरच्या थेट पाइपलाइनमुळे. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरासाठी रोमनांनी जवळपास तेवढाच, 50 किलोमीटरचा जलमार्ग बांधला, तो निव्वळ उतारावर. झऱ्यापासून शहरापर्यंत एकूण उतार साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम वीतभर! पाट काढताना लेव्हल चुकून पाणी तुंबलेले ज्याने पाहिले आहे, त्याला या वीतभराची किंमत सांगायला नको.

याच मार्गावरचा पाँ द्यु गार हा तीन मजली पूल 49 मीटर उंच आहे. देखणा खराच, पण कमानी हा रोमनांचा नाइलाज होता. दरी आडवी आली तरच त्या बांधायच्या. रोमचा पहिला जलमार्ग, इ.स.पू. 312चा ॲक्वा अपिया, जवळजवळ सगळा जमिनीखालून गेला होता.

आपल्याकडचे कामही याच जातीचे. नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले, ते माणूस आत चालू शकेल अशा दगडी भुयारी नळातून. मध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास, पेठांत हौद. त्याआधी शतकभर मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली होती. तिथल्या पाणचक्कीत खापरी नळातले पाणी उंच भिंतीवर आपोआप चढते, कारण उगम त्याहून उंच आहे. लिऑनजवळ रोमनांनी शिशाच्या नळांतून दऱ्या ओलांडल्या त्या याच नियमावर.

बांधण्यापेक्षा सांभाळणे मात्र जिकिरीचे. इ.स. 97मध्ये फ्रॉन्टिनस रोमचा पाणीप्रमुख झाला, तेव्हा हाताखाली 700 गुलामांचा ताफा होता. तरी चोरून भोके पाडणारे होतेच आणि त्यांना सामील पाटकरीही! प्रत्येक जोडणीला मापाची ब्राँझची तोटी आणि तिच्यावर शिक्का, असा बंदोबस्त होता. जमिनीवरच्या बांधकामाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट जागा मोकळी ठेवण्याचा कायदाही होता. नीमचा नाला पुढे कुणी खरवडेना, तेव्हा भिंतींवर चुनखडीचा हातभर थर चढला आणि पाणी आटत गेले.

कात्रजच्या नळात कारागिरांनी कसूर ठेवली नव्हती. वरून बांधकामे आली, आत सांडपाणी शिरले, आणि नळ निकामी झाला. तेव्हा पाणीपुरवठा संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत नव्या लाइनची मागणी करण्याआधी जुनीच्या देखभालीला किती रक्कम धरली आहे, एवढे जरूर विचारा.