भाग २३ : आउटबोर्डची वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही?

आजचा विषय देवबागहून आलेल्या एका व्हॉइस नोटमधला आहे. आपला एक श्रोता पर्यटकांना कर्ली नदीच्या संगमावर फिरवतो. नवीन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घेतोय आणि डीलर म्हणतोय, थोडे पैसे भरा, अजून दोन वर्षं वॉरंटी वाढवून देतो. घेऊ का?

तुम्ही बोट चालवत नसाल तरी ऐका. फ्रिजची एक्स्टेंडेड वॉरंटी विकतात तोच हा खेळ, फक्त इथे खारं पाणी आहे, आणि ते भलतंच महाग पडतं.

आधी हिशोब. आकडे समजण्यापुरते घेतोय. समजा प्लॅन जीएसटी धरून १८,००० रुपयांचा आहे, आणि इंजिनचं मोठं काम निघालं तर खर्च ९०,००० येतो. १८ भागिले ९०, म्हणजे २० टक्के. त्या दोन वर्षांत मोठं काम निघण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल तरच नुसत्या गणितात प्लॅन परवडतो. पण प्रत्येक क्लेम पास होत नाही. तीनपैकी एक नाकारला गेला असं धरलं, तर तीच रेषा ३० टक्क्यांवर जाते. म्हणून खरा प्रश्न “इंजिन बिघडेल का” हा नाहीच. “बिघडलं तर ते कंपनीच्या व्याख्येत बसेल का” हा आहे.

वॉरंटी म्हणजे साहित्यातला किंवा जुळणीतला दोष. झीज म्हणजे दोष नव्हे. पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, स्पार्क प्लग, झिंकचे अॅनोड, प्रोपेलर हे सगळं साधारणपणे बाहेर. गंज बाहेर. खडकावर किंवा वाळूवर आपटलेला खालचा भाग बाहेर. इंजिन पाण्यात बुडालं तर तेही बाहेर. आता संगमावर काय होतं? पाण्यात वाळू. वाळूने इम्पेलर खातो, थंड करणारं पाणी कमी पडतं, इंजिन तापतं आणि आतून जातं. मोठं बिल आतल्या नुकसानीचं, पण कंपनी म्हणणार की मूळ कारण न बदललेला इम्पेलर. क्लेम तिथेच अडकतो. चालू इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची ती बारीक धार रोज बघा, बारीक झाली की थांबा. ही सवय कुठल्याही प्लॅनपेक्षा स्वस्त आहे.

दुसरं, पेट्रोल. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवली आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं. त्याने झालेलं नुकसान इंधनाच्या खात्यात टाकलं जाऊ शकतं. त्यामुळे डीलरला हा प्रश्न तोंडी नको, ईमेलवर विचारा : या मॉडेलला कोणतं इंधन चालतं आणि त्याने बिघाड झाल्यास वाढीव वॉरंटी लागू आहे का? उत्तर लेखी आलं नाही, तर ते उत्तरच समजा.

तिसरी आणि आपल्या मित्रासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, व्यावसायिक वापर. हौशी मालकाला मिळणारी मुदत आणि भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला मिळणारी मुदत बऱ्याच कंपन्यांमध्ये वेगळी असते, व्यावसायिकाला खूपच कमी. काही प्लॅन व्यावसायिक वापर सरळ वगळतात. बिलावर “वैयक्तिक वापर” टाकून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. अशा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये चाललेले तास नोंदलेले असतात. हौशी माणूस वर्षाला हजार तास बोट फिरवत नाही, हे मेकॅनिकला लॅपटॉप जोडल्यावर कळतं. आणि प्लॅनमध्ये “दोन वर्षं किंवा अमुक तास, जे आधी होईल ते” असेल, तर तुमची दोन वर्षं एका हंगामात संपू शकतात. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस, सात महिने : १,०५० तास झाले की!

कायद्याचं थोडं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेणारा ग्राहक धरला जात नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. म्हणजे एका बोटीवर स्वतः राबणाऱ्याला ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. पाच बोटी आणि पगारी माणसं असतील तर वाद होऊ शकतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आता प्लॅन देतंय कोण? इंजिन बनवणारी कंपनी, डीलर, की तिसरीच कोणी? डीलरचं दुकान बंद झालं तर त्याचा कागद गुंडाळून ठेवायचा. कंपनीचा असेल तर जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, इंजिन तिथवर नेण्याचा खर्च कोणाचा, आणि बोट विकली तर प्लॅन नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे बघा. हंगामात इंजिन तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडलं, तर बुडालेली कमाई बहुतेक कोणताही प्लॅन भरून देत नाही. चोरी आणि वादळ हा तर विम्याचा विषय, तो वेगळा.

माझं मत विचाराल तर : व्यावसायिक वापर स्पष्ट लिहिलेला कंपनीचा प्लॅन असेल, तासांची मर्यादा तुमच्या हंगामाला पुरत असेल आणि इंजिनवर कर्ज असेल, तर घ्या. गणितात थोडा तोटा असला तरी एका झटक्यात ९०,००० उभे करण्यापेक्षा तो बरा. यातलं एक जरी नसेल, तर तेच १८,००० वेगळ्या खात्यात ठेवा. बऱ्याच ठिकाणी प्लॅन मूळ वॉरंटी संपायच्या आधी कधीही घेता येतो, तेव्हा शोरूममध्येच सही करायची घाई नको. शेवटची तारीख मात्र विचारून घ्या.

घेतलाच, तर पहिली सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तासांवरच करा, बऱ्याच इंजिनांना ती २० तासांवर असते. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तासांच्या मीटरचा फोटो आणि काढलेल्या गिअर ऑइलचा फोटो फोनमधल्या एका फोल्डरमध्ये टाका. ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत आलंय. त्याच दिवशी डीलरला लेखी कळवा आणि बोट पाण्यात घालू नका.