रात्रीही तापलेला स्लॅब

जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा: उन्हाळ्यात दुपारपेक्षा रात्रच जास्त छळते. मुंबई-पुण्यातला काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो, आणि ती उष्णता जाडीतून खाली झिरपायला कित्येक तास लागतात. त्यात इमारती एकमेकींना खेटून उभ्या, त्यामुळे रात्री वस्तीही लवकर निवत नाही.

उष्णता अडवते ती मुख्यतः कोंडलेली, स्थिर हवा. थर्माकोलमध्ये जवळजवळ ९८ टक्के हवाच असते, म्हणून काँक्रीटच्या तुलनेत त्यातून उष्णता चाळीसएक पट कमी वाहते. मात्र थर्माकोलचा थर शक्यतो स्लॅबच्या वर, कोब्याखाली घालावा. खालून फॉल्स सीलिंगमध्ये घातला तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब तापतच राहतो. आणि नवा कोबा जड असतो. जुन्या इमारतीला तो झेपेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्याच.

तेवढा खर्च जमत नसेल तर गच्ची पांढरी करा. चांगला परावर्तक पांढरा रंग नवा असताना सुमारे ८० टक्के ऊन परतवतो. तेलंगणाने २०२३मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच आणलं. आपल्याकडेही ते यायला हवं. फक्त धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुवावी लागते.