मजकूर घरचा, एडिटर भाड्याचा

गेल्या पावसाळ्यात एका विसर्गानं माझा ब्लॉग बंद पाडला. लेख अगदी साधा होता, गच्चीतल्या कुंड्यांवरचा. शीर्षक दिलं होतं ‘स्वत: पिकवलेली मेथी’. फाइल नेहमीच्या जागी टाकली, नेहमीसारखा चहा घेऊन आले, पण पान काही उगवेना. पडद्यावर फक्त एक लाल ओळ. दीड तास डोकं खाजवल्यावर कळलं, की ‘स्वत:’मधला विसर्ग हा विसर्ग नव्हताच. बोटांच्या जुन्या सवयीनं मी तिथे कोलन टाइप केला होता. अशा फाइलच्या डोक्यावर शीर्षक, तारीख वगैरे माहितीचा एक चौकोन असतो, आणि तिथे कोलन व त्यापुढे मोकळी जागा म्हणजे ‘आता पुढची नोंद’ असा संगणकाचा समज. त्याच्या लेखी माझं शीर्षक मधेच फुटलं होतं.

त्यानंतर मैत्रिणींना, ओळखीच्या लेखकांना ‘मार्कडाउनसाठी कुठला एडिटर घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर देताना मी आधी मराठीबद्दल बोलते. अॅपबद्दल नंतर.

मार्कडाउन म्हणजे काय, हे व्हॉट्सअॅप वापरणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारका टाकली, की तिथे तो ठळक होतो. मार्कडाउन त्याच घराण्यातलं, फक्त थोरलं. इथे एका तारकेनं शब्द तिरपा होतो आणि दोन तारकांनी ठळक. ओळीच्या सुरुवातीला # टाकला की मथळा, आडवी रेघ टाकली की यादी, > टाकला की उद्धृत. फाइल साध्या अक्षरांची राहते आणि वेबपान करायची वेळ आली, की एखादा प्रोग्राम त्या खुणांचं रूपांतर करतो.

ही पद्धत जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखक-प्रोग्रॅमरनं २००४ मध्ये पुढे आणली. आखणीत त्याला आरन स्वार्ट्झची मदत झाली. स्वार्ट्झ तेव्हा सतरा वर्षांचा होता. साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासूनच जोर द्यायच्या शब्दाला तारका लावत, परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडत. ग्रुबरनं त्या सवयींचेच नियम केले. अट एकच होती, रूपांतर न करताही मजकूर सुखानं वाचता आला पाहिजे. नियम मात्र त्यानं सैलसर लिहिले, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामची आपापली बोली झाली. शेवटी २०१४ मध्ये काही जणांनी मिळून ‘कॉमनमार्क’ नावाचं काटेकोर व्याकरण मांडलं. त्यातला मोठा वाटा जॉन मॅकफार्लेन यांचा. हे गृहस्थ बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, आणि एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं ‘पँडॉक’ हे अवजारही त्यांचंच. दोन तारकांच्या मधे मोकळी जागा आली तर काय करायचं, यावर पानंच्या पानं लिहिणारा माणूस आपल्याकडे जन्मला असता तर नक्की वैयाकरण झाला असता.

आता फाइलीचा मुद्दा, जो मराठी माणसाला जरा जास्तच झोंबतो. युनिकोड रुळण्याआधी आपण ज्या फाँटांत लिहायचो, त्यांत ‘म’ हा ‘म’ म्हणून साठवला जात नसे. साठवलं जायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फाँट त्याला ‘म’चा मुखवटा चढवायचा. फाँट गेला की मुखवटा गेला. माझे त्या काळातले दिवाळी अंकांतले लेख सीडीवर आहेत, पण उघडले तर कंस, टक्के आणि डॉलर यांची खिचडी दिसते. छापील अंक जपले म्हणून लेख तरी राहिले. मार्कडाउनची फाइल युनिकोडमधला साधा मजकूर असते. ती नोटपॅडमध्ये उघडते, फोनवर उघडते, आणि आणखी वीस वर्षांनी जे काही असेल त्यातही उघडेल अशी माझी खात्री आहे. एवढ्या लांबीचा लेख पंचवीसेक केबीत बसतो.

म्हणून एडिटर बघायला गेलात की रंगरूप बघू नका. आधी विचारा, माझा मजकूर ठेवतोस कुठे? ऑब्सिडियन, टायपोरा, आयए रायटर, व्हीएस कोड, झेटलर ही मंडळी तुमच्याच फोल्डरमधल्या फायली उघडतात. उद्या एडिटर काढून टाकला तरी फोल्डर जागेवर. जॉपलिन आणि बेअर यांत लिहायचं मार्कडाउनमध्येच, पण टिपणं त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. निर्यात करता येते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. फक्त ती निर्यात पहिल्याच आठवड्यात एकदा करून बघावी, तीन वर्षांनी नव्हे. बेअरचं अॅप तर फक्त अॅपलच्या यंत्रांसाठी आहे.

एडिटर म्हणजे भाड्याचं घर. ‘अॅटम’ हा एकेकाळचा लाडका एडिटर गिटहब या कंपनीनं १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. त्यात लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तेच फोल्डर दुसऱ्या एडिटरमध्ये उघडलं आणि काम पुढे सुरू. टायपोरा कित्येक वर्षं चाचणी आवृत्ती म्हणून फुकट होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि पंधरा डॉलरच्या आसपास किंमत लागली. मला ती रास्त वाटली, मी भरली. न भरणाऱ्यांचाही एक शब्द अडकून पडला नाही.

आता मराठीची परीक्षा. परदेशी परीक्षणांत हे सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘पुस्तकात’ मधलं फक्त ‘पुस्तक’ ठळक करायला गेलात आणि तारका मधे घातल्यात, तर पुढचा काना पोरका होतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. अख्खा शब्द ठळक करावा, हे बरं. तारकांऐवजी खालची रेघ वापरून शब्द तिरपा करायची सोय आहे, पण ती मराठीत दगा देते: _मेथी_ला असं लिहिलं तर कॉमनमार्कच्या नियमानुसार रेघ शब्दाच्या मधे आली असं ठरतं आणि ती जशीच्या तशी छापली जाते. तारका चालते. तीही एका ठिकाणी फसते. **‘गच्चीवरची मेथी’**मध्ये असं लिहून बघा. अवतरणचिन्ह आत, त्याला लागून तारका आणि तारकांना लागून प्रत्यय, ही रचना त्या व्याकरणाला बंद झाल्यासारखी वाटतच नाही, आणि पानावर चार तारका तशाच मिरवतात. उपाय सोपा आहे, अवतरणचिन्हं तारकांच्या बाहेर काढायची: ‘**गच्चीवरची मेथी**’मध्ये. पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं.

तिरप्या अक्षरांबद्दल तर मी म्हणेन, नादाला लागू नका. देवनागरीत इटालिकची स्वतंत्र घडण रुळलेली नाही. ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकवतो आणि वेलांट्या वाऱ्यात सापडल्यासारख्या दिसतात. जोर द्यायला ठळक अक्षरं आणि एकेरी अवतरणं पुरेशी आहेत.

आकड्यांचं वेगळंच. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा आणि टिंब दिलं, की क्रमांकित यादी तयार होते. ‘१.’ लिहिलं तर होत नाही. तो नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, आणि तुमची पाककृती सलग एका परिच्छेदात वाहून जाते. फाइलीत इंग्रजी आकडे द्यायचे आणि पानावर मराठी दिसावेत अशी सूचना ब्लॉगच्या सजावटीच्या फाइलीत एकदा करून ठेवायची.

कविता किंवा ओवी देणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. मार्कडाउनमध्ये नुसतं एंटर दाबून ओळ तुटत नाही, दोन ओळी जोडल्या जातात. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर साठवताना त्या झाडून टाकतात, म्हणून मी रेघ देते. ऑब्सिडियन आपणहून ओळी तोडून दाखवतो, त्यामुळे तिथे कविता नीट दिसते आणि ब्लॉगवर गद्य होऊन बसते. त्याच्या सेटिंगमध्ये ओळींचा काटेकोर नियम चालू करण्याचं एक बटण आहे, ते पहिल्याच दिवशी दाबावं.

शोध हा टिपणांचा प्राण, आणि मराठीत तो सर्वांत कच्चा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. ‘ॲप’चंही तसंच. फोनवर लिहिलेलं टिपण लॅपटॉपवर शोधून सापडत नसेल, तर बहुधा एडिटरचा दोष नसतो. शक्यतो दोन्हीकडे एकच कीबोर्ड ठेवा. आणि विसर्गाच्या जागी कधी कधी कोलन टाइप करत असाल तर ‘दुःख’ शोधूनही सापडणार नाही.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांची अडचण बोटांची आहे. # साठी शिफ्ट आणि तीन दाबलं की जोडाक्षरातला ‘्र’ उमटतो, तारकेसाठी शिफ्ट आणि आठ दाबलं की ‘श्र’. दर मथळ्याला कीबोर्ड बदलायचा म्हणजे लिहिण्याची लय गेली. अशांनी कंट्रोल-बी दाबल्यावर स्वतःच तारका घालणारा एडिटर घ्यावा, आणि ते बटण मराठी कीबोर्ड चालू असतानाही ऐकतं का, हे घेण्याआधी तपासावं.

खुणा दिसाव्यात की लपाव्यात, हा प्रश्न आवडीचा. टायपोरा खुणा गिळून थेट सजवलेलं पान दाखवतो. व्हीएस कोडमध्ये एका बाजूला खुणा आणि दुसऱ्या बाजूला पान. मला लिहिताना खुणा दिसलेल्या आवडतात, कारण चूक तिथेच पकडता येते.

ब्लॉगचं म्हणाल, तर जेकिल (२००८) किंवा ह्यूगो (२०१३) यांसारखे प्रोग्राम मार्कडाउन फायलींचं फोल्डर घेऊन त्यातून अख्खी साइट बांधतात. वर्डप्रेसच्या आताच्या एडिटरमध्ये मार्कडाउन चिकटवलं तर बहुतेक खुणा तो समजून घेतो. ब्लॉगरला मात्र त्या समजत नाहीत, तिथे आधी एचटीएमएल करून न्यावं लागतं. फाइलीला नाव रोमनमध्ये द्या. मजकुरात देवनागरी, नावात रोमन, यात मातृभाषेचा अपमान नाही. तेच नाव पानाच्या पत्त्यात जातं. तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हांचं होतं, आणि दहा चिन्हांच्या नावाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली तर समोरचा ती व्हायरस समजतो. ऑब्सिडियनच्या दुहेरी चौकटी कंसातल्या लिंका त्याच्या घरात छान चालतात, ब्लॉगवर मेल्यासारख्या पडून राहतात. सेटिंगमधून साध्या लिंका निवडता येतात. चित्रं लेखाच्या शेजारच्या फोल्डरमध्ये, नावात मोकळी जागा न ठेवता.

मग कुठला घ्यायचा? टिपणं फोनवरही हवी असतील आणि ती एकमेकांना जोडायची हौस असेल, तर ऑब्सिडियन. तो फुकट आहे, पैसे पडतात ते त्यांची सिंकसारखी सेवा घेतली तर. पण पहिले तीन महिने एकही प्लगिन घालू नका. मी चौदा घातले होते आणि त्या काळात लिहिलं काहीच नाही. फक्त लेख आणि ब्लॉग असेल तर टायपोराचे पैसे वसूल होतात. स्रोत खुला असलेलंच हवं, असा कटाक्ष असेल तर झेटलर किंवा जॉपलिन. आणि जुन्या लॅपटॉपवर नोटपॅडशिवाय काही चालत नसेल, तरी अडत नाही.

ठरवण्याआधी एक फाइल करा. तिच्यात एक ओवी, मराठी आकड्यांची यादी, अवतरणातलं एक नाव प्रत्ययासकट, ‘दुसऱ्या’ दोन्ही पद्धतींनी, आणि डोक्यावर विसर्गाचं शीर्षक अवतरणचिन्हांत. ती फाइल प्रत्येक उमेदवारात उघडा आणि तिथून ब्लॉगपर्यंत न्या. दहा मिनिटांचं काम आहे. मेथीचा लेख पुढे दुपारी चढला, आणि त्याच्या शीर्षकात आता खराखुरा विसर्ग आहे.