तिकीट कुणाच्याही मोबाईलवरून काढा, नंबर मात्र आपला द्या



आपल्या एका गटातल्या चार ताई सरस प्रदर्शनासाठी मुंबईला निघाल्या होत्या. सोबत पापड, चटण्यांची खोकी. रेल्वेचं तिकीट बाजारातल्या एका दुकानातून काढलेलं. दुकानदाराने छापील कागद दिला, ताईंनी तो पिशवीत नीट जपून ठेवला. रात्री गाडीत टीसी म्हणाला, "हे तिकीट कधीच रद्द झालंय." "अहो, कागद आहे ना हातात!" ताईंनी परोपरीने सांगितलं, पण चौघींना भाडं आणि दंड दोन्ही भरावं लागलं. तिकिटाचे पैसे परत आले होते, पण दुकानदाराच्या खात्यात. मेसेजही त्याच्याच मोबाईलवर गेला होता.

यात ताईंचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही. तिकीट बदललं, पण ते कसं बदललं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून हा लेख.

पूर्वी कागद म्हणजेच तिकीट होतं. 2002 मध्ये इंटरनेटवर तिकीट काढायची सोय झाली, तेव्हासुद्धा कागदी तिकीट कुरिअरने घरी यायचं. 2005 पासून ई-तिकीट आलं. आता खरं तिकीट रेल्वेच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. आपल्या हातातला कागद ही फक्त त्याची माहिती. त्यावरचा दहा आकडी पीएनआर नंबर महत्त्वाचा. 2012 पासून तर मोबाईलवर आलेला मेसेज आणि मूळ ओळखपत्र एवढंही चालतं.

वेटिंगचा फरक नीट समजून घ्या

गाडी सुटायच्या काही तास आधी चार्ट तयार होतो. तोपर्यंत ई-तिकिटावरची सगळीच नावं वेटिंगमध्ये राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जातात. असं तिकीट घेऊन गाडीत बसणं म्हणजे विनातिकीट प्रवास.

खिडकीवरून काढलेलं वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत खिडकीवर परत करावं लागतं, तरच पैसे मिळतात.

दुकानातून तिकीट काढताना

1. मोबाईल नंबर आपलाच द्या. घरी एकच फोन असेल तर घरचा द्या, पण दुकानदाराचा नको.

2. दुकानदार अधिकृत एजंट आहे का, ते विचारा. स्वतःच्या खासगी खात्यावरून तिकिटं काढून विकणं हा गुन्हा आहे. अधिकृत एजंटकडचं तिकीट रद्द झालं, तर किती पैसे परत आले याचा मेसेज आणि ओटीपी आपल्या मोबाईलवर येतो. पैसे हातात पडताना तो ओटीपी त्याला सांगायचा. बँकेचा ओटीपी मात्र कुणालाच नाही!

3. घरातून निघण्याआधी तिकीट तपासा. मेसेजमध्ये PNR लिहून, जागा सोडून दहा आकडी नंबर टाका आणि 139 ला पाठवा. कन्फर्म की वेटिंग, ते कळतं.

4. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. झेरॉक्स चालत नाही. एका तिकिटावर चौघी असतील तर एकीचं पुरतं. आधार, मतदार कार्ड चालतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुकही चालतं.

पॅसेंजरने रोज जाणाऱ्यांसाठी

जनरलचं तिकीटही आता ॲपवर मिळतं, रांग वाचते. पण ज्या मोबाईलवर काढलं, त्याच मोबाईलवर ॲप उघडून दाखवावं लागतं. मुलाने घरी बसून तिकीट काढलं आणि आपल्याला फोटो पाठवला, तर तो फोटो चालत नाही. चार्जिंग संपलं तरी पंचाईत. शिवाय तिकीट गाडीत चढायच्या आधी काढायचं, टीसी दिसल्यावर नाही.

फोन आपला नसेल, तर सरळ खिडकीवरून कागदी तिकीट घ्या. ते बंद झालेलं नाही आणि त्यात कमीपणाही नाही.

शेवटी एक गोष्ट, प्रत्येकीने लक्षात ठेवावी अशी. समजा तिकिटाचा घोळ झालाच आणि बाई एकटी असेल, तरी तिला रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. रेल्वे कायदा 1989 चं कलम 139 सांगतं, की तिला दिवसाच उतरवता येतं, तेही जिथून ती बसली त्या स्टेशनवर, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. दंड माफ होत नाही, पण आडरानात उतरायची वेळ येत नाही. मेसेजचा नंबर 139 आणि कलमही 139, त्यामुळे पाठ करायला सोपं.

पुढच्या सभेत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढूया. जिच्याकडे जुनं तिकीट असेल तिने ते आणावं. पीएनआर कुठे असतो, ते सगळ्यांनी मिळून शोधू. पुढच्या वेळी खोकी घेऊन निघालेल्या ताईंना गाडीत शांत झोप लागली पाहिजे.