पासलीचा क्रमांक परदेशात

पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागात, तोरण्याच्या परिसरातील डोंगररांगांत पासली हे गाव वसलेले आहे. अशा डोंगराळ मुलखात मोबाइल वापरणाऱ्यास एक गोष्ट लवकरच कळून येते. डोंगराच्या आड गेले की बोलणे तुटते. खिंडीत किंवा माथ्यावर आले की ते पुन्हा जुळते. यंत्र तेच, मनुष्यही तोच. मग हा फरक कशामुळे पडतो?

याचे कारण असे, की मोबाइल हे खरोखर एक लहानसे बिनतारी यंत्र होय. बोलणाऱ्याचा आवाज ते रेडिओ लहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्याकडे धाडते. मधे डोंगर आला की या लहरी क्षीण होतात. मनोऱ्याचे क्षेत्र साधारणपणे काही किलोमीटरांचे असते. तेथून पुढे आवाज बहुधा जमिनीखालच्या काचतंतूंतून जातो, आणि दुसऱ्या टोकाच्या मनोऱ्यापासून ऐकणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पुन्हा लहरींवर बसून येतो. म्हणजे हजारो किलोमीटरांच्या संभाषणात खरा बिनतारी प्रवास दोन्ही टोकांना थोडाथोडाच असतो.

दूरदेशीच्या संभाषणाशी पुणे जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली. पुढे १९७१-७२ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र उभे राहिले. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद लागे, आणि उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद उलटे. आज परदेशी जाणारी बहुतेक संभाषणे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या केबलींमधून जातात. अशा कित्येक केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पोचतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. म्हणून बोलणे आणि उत्तर यांत खंड पडल्यासारखे वाटत नाही.

आता असे समजा, की पासलीची एक विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील बर्लिन शहरी गेली आहे. तेथे उतरताच तिने मोबाइल सुरू केला. तिच्या सिमकार्डात पंधरा अंकांची एक गुप्त ओळख साठविलेली असते. तिचे पहिले तीन अंक देश दर्शवितात; भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. ही ओळख वाचून जर्मन कंपनी भारतातील कंपनीस विचारते, ‘हा ग्राहक तुमचाच ना?’ होकार मिळाला की पाहुण्यास घरात घ्यावे तसे त्या क्रमांकास तेथे सामावून घेतले जाते. भारतातील कंपनीही आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते, की हा ग्राहक सध्या जर्मनीत आहे. या व्यवस्थेस रोमिंग म्हणतात. दोन कंपन्यांत तसा करार झालेला असेल, तरच हे घडते.

या विद्यार्थिनीची केनिया देशाची एक मैत्रीण आहे. तीही बर्लिनमध्येच शिकते, पण अजून आपल्या देशाचेच सिमकार्ड वापरते. दोघी एकाच इमारतीत राहतात. पहिलीने दुसरीचा क्रमांक लावला, तर आवाज जिना चढून वरच्या मजल्यावर जावा, असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मैत्रिणीच्या क्रमांकाचा प्रारंभ २५४ या केनियाच्या संकेतांकाने होतो. म्हणून हाक साधारणपणे प्रथम केनियास जाते. तेथील नोंदवही पाहून कळते, की ग्राहक जर्मनीत आहे. मग ती हाक उलट बर्लिनला पाठविली जाते. एका मजल्याच्या अंतरासाठी आवाजाला बारा हजार किलोमीटरांहून अधिक फेरा पडतो! हा फेरा कानाला जाणवत नाही. परंतु देयकाला जाणवतो. हाक मारणारीस परदेशी संभाषणाचा आकार द्यावा लागतो, आणि हाक घेणारीसही आपल्या देशापासून बर्लिनपर्यंतच्या वाटेसाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. मैत्रीण दोन शब्द बोलून यंत्र बंद करीत असेल, तर ती रुसली असे समजणे योग्य नव्हे. कदाचित तिच्या खात्यातील शिल्लक संपत आली असेल.

यावर उपाय साधे आहेत. परदेशी दीर्घकाळ राहावयाचे असेल तर त्या देशाचे सिमकार्ड घ्यावे. मग दोघींचेही क्रमांक जर्मनीच्या ४९ या संकेतांकाचे होतात आणि हाकेला परदेशी जाण्याचे कारण उरत नाही. वसतिगृहात वायफायची सोय असल्यास इंटरनेटवरून बोलावे. त्यासाठी प्रत्येक हाकेचा वेगळा आकार पडत नाही. मात्र नवा क्रमांक घेतल्याचे घरी व मित्रांना आठवणीने कळवावे. मित्रांचे क्रमांक अधिकचिन्ह व देशाचा संकेतांक यांसह लिहून ठेवावेत. भारतात केवळ दहा अंकांनी काम भागते. बर्लिनमध्ये तेच दहा अंक तेथला क्रमांक समजले जातील. पासलीच्या घरी बोलण्यासाठी आधी ९१ हवाच. संकटसमयी उपयोगी पडणारा ११२ हा क्रमांक मात्र भारतात आणि युरोपात एकच आहे.

हाक मारण्यापूर्वी घड्याळाकडेही पाहावे. हिवाळ्यात बर्लिनमध्ये रात्रीचे आठ वाजले असता पासलीत मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात. जगातील सर्व यंत्रे एकमेकींना जोडता येतील. परंतु सर्वांची सकाळ एका वेळी आणता येणार नाही. मित्र या घटकेस झोपला असेल का, त्याच्या खिशाला हे संभाषण परवडेल का, याचा विचार कोणतेही यंत्र करीत नाही. तो बोलणाऱ्यानेच करावयाचा असतो. आवाज पोचविणे हे यंत्राचे काम; मैत्री राखणे हे माणसाचे.